पत्र्याआडचा ओटा

शहराबाहेर, तरोड्याच्या पुढं जी नवी वस्ती झाली आहे, तिथल्या तिसऱ्या गल्लीत कुणाकडे पाहुणी आली की चहा झाल्यावर यजमानीण हमखास म्हणायची, "चला, आमच्या अंबिकाताईंचा बोळ दाखवते." पाहुणी बुचकळ्यात पडायची. बोळात बघण्यासारखं काय असणार? पण बघून आली की तिथूनच नवऱ्याला फोन लावायची, "अहो, आपल्या घरामागं ती जागा आहे ना, आपण भंगार टाकतो ती…"

कौतुक सुरू झालं की अंबिका खाली बघायची. डब्यातल्या पुदिन्याचं वाळकं पान खुडायची, नाहीतर "चहा टाकते" म्हणून आत सटकायची. बायकांना वाटायचं, काय विनय आहे! सासूसाठी एवढं केलं, पण मिरवायचं म्हणून नाही.

विनयबिनय काही नव्हता. तिच्या कानाच्या पाळ्या तापलेल्या असायच्या. मागचा ओटा तिनं सासूसाठी केला हे खरंच होतं. तो का केला, हे मात्र तिचं तिला ठाऊक होतं.

अंबिका बिलोलीची. मराठी घेऊन बी.ए. झालेली. नवरा भारत एका पतसंस्थेत कारकून. बरीच वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढून त्यांनी हे घर घेतलं. मुलगा शिवम लातूरला बारावीच्या क्लासला होता, आणि ज्यांची मुलं लातूरला क्लासला असतात त्या घरात नव्या पडद्याचीसुद्धा चर्चा होत नाही, हे आपल्याकडे सांगायला नको.

घर लहान, पण नेटकं. फक्त मागची बाजू बिल्डरनं कशीतरी उरकलेली. घराची भिंत आणि मागच्या घराची भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी सुटली होती. धड अंगण नाही, धड गल्ली नाही. दोन्ही हात पुरते पसरायला गेलं तर बोटं भिंतीला लागायची. एका टोकाला न्हाणीघर, दुसऱ्या टोकाला लोखंडी जाळीचं फाटक, आणि फाटकापलीकडे गल्लीतून आत येणारा रस्ता. समोरची भिंत शेजाऱ्याची, गिलावा न केलेली, उघड्या विटांची. खाली पाणी साचायचं. तिथं काय नव्हतं? मोडका कूलर, गोठून दगड झालेली सिमेंटची गोणी, खाटेचा लोखंडी सांगाडा, मागच्या गणपतीची थर्माकोलची कमान. अंबिका मागचं दार उघडायची ती फक्त कपडे वाळत घालायला, आणि तेही नाक मुठीत धरून.

त्या वर्षी कावेरीबाई कायमच्या राहायला आल्या.

सासरे देविदास गेल्यावर वर्षभर त्या लोह्याजवळच्या गावात एकट्याच राहिल्या होत्या. मग गुडघ्यांनी दगा दिला. भारत जाऊन घेऊन आला. सोबत एक पत्र्याची पेटी, दोन वाकळा आणि मिसरीची डबी. अंबिका त्यांना आत्या म्हणायची. तिकडं सासूला आत्याच म्हणतात, नात्यातली असो नसो.

आत्यांचा काही त्रास नव्हता. जेवायला काय आहे ते विचारायच्या नाहीत, टीव्हीचा रिमोट मागायच्या नाहीत. फक्त सकाळचा चहा झाला की त्या पुढच्या दाराबाहेर जाऊन बसायच्या. पायरीला टेकून, पाय लांब सोडून, नऊवारी नडग्यांच्या वर खोचलेली. डाव्या तळव्यावर मिसरी, उजव्या हाताचं बोट तोंडात. आणि गल्लीतून जाईल त्या प्रत्येकाची चौकशी.

"कुणाची गं तू? कितवीला हाय? पोळ्या येतेत का?"

"ए बाप्पा, ते कुकर दुरुस्तीवाला न्हवं का तू? काल लई वरडून राहिलतास. घसा बसंल."

भाजीवाली गंगम्मा देगलूरकडची. ती गाडा थांबवून खुशाल पायरीवर टेकायची आणि आत्यांना 'अव्वा' म्हणायची. दोघी मिळून गल्लीच्या सुना मोजायच्या. कोणती पहाटे उठते, कोणती नाही. आवाज तर असा, की शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक जावी. नालीत थुंकायचा आवाजसुद्धा तसाच.

अंबिका आत भाजी चिरता चिरता ऐकायची. एकदोनदा म्हणाली, "आत्या, आत बसता का? ऊन लागंल."

"ऊन? हे काय ऊन हाय का माय!"

तिथवर तिनं निभावून नेलं. मग अंबिकाकडे भिशी आली.

भिशीच्या बाया म्हणजे गल्लीतल्याच, पण त्या दिवशी चेहरे धुऊन-पुसून, ठेवणीतलं नेसून यायच्या. अंबिकानं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, वर बारीक शेव. सगळ्यांत शेवटी ज्ञानेश्वरी आली. नवरा कंत्राटदार, घर दोन मजली, आणि गल्लीत काय चांगलं काय वाईट ते तिच्या भुवईवर ठरायचं. ती पायरीपाशी आली. आत्यांनी तिला खालपासून वरपर्यंत मायेनं न्याहाळलं, मिसरीचं बोट तोंडातून काढलं आणि विचारलं, "कितवा महिना गं माय?"

ज्ञानेश्वरीचं धाकटं पोरगं पाचवीत होतं.

ती आत आली, सोफ्यावर बसली, पदर सावरून पोटावर घेतला. सगळ्या आपापल्या बशीत बघायला लागल्या. मग ज्ञानेश्वरीच हसून म्हणाली, "अंबिकाताई, दारात वॉचमन ठेवलाय होय? लई कडक तपासणी हाय बाई. पार पोटापर्यंत!"

एकच हशा पिकला. शेव सांडली कुणाच्या तरी हातून.

अंबिकाही हसली. आणि हसता हसता म्हणाली, "खेड्यातल्या आहेत हो त्या. मनावर नका घेऊ."

खिडकी उघडी होती. खिडकीच्या खालीच पायरी. बाहेरचा थुंकण्याचा आवाज त्यानंतर आला नाही, हे अंबिकाच्या लक्षात आलं. लक्षात आलं, आणि तिनं सुशीला वाढायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागचं दार उघडून किती तरी वेळ त्या पट्टीकडे बघत उभी राहिली. संध्याकाळी भारतला म्हणाली, "मागं आत्यांना बसायला नीट जागा करू या का? रस्त्यावरची धूळ, गाड्यांचा धूर… त्यांच्या वयाला बरं नाही ते."

भारत तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "तुला कसं सुचतं गं हे?" त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. आईचं काही केलं की तो असाच विरघळायचा.

आता एक सांगितलं पाहिजे. अंबिकाला नजर होती. कुठल्याही अडगळीकडे बघून तिचं काय होईल हे तिला दिसायचं. कामाला लागण्याआधी तिनं काही दिवस नुसतं ऊन बघितलं. सकाळी कुठं पडतं, दुपारी कुठं सरकतं, तिथं तिथं विटांवर कोळशानं खुणा केल्या. मग शेजाऱ्यांना विचारून त्यांची ती उघडी भिंत चुन्यानं पांढरी केली, थोडी नीळ टाकून. दोन हात मारले तसा बोळात उजेड दुप्पट झाला. खर्च झाला फक्त चुन्याचा.

पंढरी मिस्त्री आला तेव्हा कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "ताई, इथं माणूस बसवायचा हाय का केरसुण्या?"

"माणूस."

"मग त्यानं आडवं होऊन यावं लागंल."

"बसलं की गुडघे समोरच्या भिंतीला लागायला नकोत, असा अरुंद ओटा करा. भिंतीला चिकटून, लांबच्या लांब. खाली पोकळ ठेवा, डबेबिबे जातील."

फरशीच्या दुकानामागं शहाबादीच्या तुकड्यांचा ढीग पडलेला असतो. तो दुकानदाराला विचारून भारतनं स्कूटरवर दोन-दोन करून आणला. तुकडे वेडेवाकडे, पण अंबिकानं ते आधी बोळात कोरडेच मांडून बघितले, रांगोळीचे ठिपके जुळवावेत तसे, आणि मगच पंढरीला बसवू दिले. उतार फाटकाकडे ठेवला, पाणी साचायचं बंद झालं. खाटेचा सांगाडा भिंतीला उभा ठोकला, त्यावर तोंडलीचा वेल चढवायला. तेलाच्या डब्यांत पुदिना, ओवा, कढीपत्ता. मोडक्या कूलरचं लोखंडी स्टँड उलटं करून त्यावर फळी टाकली, झालं स्टूल. कपड्यांची दोरी वर उचलून कप्पीवर घेतली. गावाकडनं आलेली शेतातली हिरवी जाळी अर्ध्यावर ताणली, म्हणजे दुपारचं ऊन गाळून खाली यावं.

आत्या मागच्या दारात बसून सगळं बघत होत्या. "ओटा गुडघ्याएवढा ठेव रे पंढरी," म्हणाल्या. "बुटका केलास तर बसलेलं माणूस उठणार न्हाई. पाव्हणेरावळे येतेत."

"पाहुण्यांसाठी नाही आत्या," अंबिका म्हणाली. "तुमच्यासाठीच करतोय."

आत्या उठून आत गेल्या. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आल्या त्या हळदीकुंकवाची पुडी घेऊन. ओट्याच्या पहिल्या विटेला त्यांनी बोटं लावली, आणि देवघरातला नारळ आणायला लावून पंढरीकडून फोडून घेतला. वास्तुशांतीला फोडावा तसा.

"माझ्या सुनेचा हात लागतोय," त्या विटेशी बोलत होत्या, "सोनं होऊ दे बाप्पा हिच्या हाताचं."

अंबिकाच्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता. तो तिनं न खाता पंढरीच्या हातावर ठेवला.

तरीही शेवटचं काम तिनं केलं. फाटकाच्या जाळीला आतून पत्रा लावून घेतला. पूर्ण, वरपासून खालपर्यंत. रस्त्यावरून आतलं काही दिसू नये, आणि आतून बाहेरचं.

"हे झाकलंस का गं?" आत्यांनी विचारलं.

"कुत्री येतात, आत्या."

"हाव," आत्या म्हणाल्या. "कुत्री लई झालीत."

आत्या मागं बसायला लागल्या. कुणी सांगितलं नाही. अंबिकानं फक्त त्यांची गादी ओट्यावर नेऊन घातली, चहा तिथंच नेऊन दिला. पुढची पायरी मोकळी झाली. अंबिकानं तिथं दोन कुंड्या ठेवल्या. पायरीवर माणसाला टेकायला जागा राहिली नाही.

आत्या गावाकडं फोनवर सांगायच्या, पाठ भिंतीला लावून, जोरजोरात: "सुनेनं राजवाडा केला माय मला! वर मांडव, खाली फरशी. हाव. वाऱ्याला बसते. तोंडली लागलीत." पलीकडून कुणी तरी आपल्या सुनेविषयी रडायचं, आणि आत्या म्हणायच्या, "समद्यांचं नशीब सारखं न्हाई गं." स्वयंपाकघराची खिडकी तिकडंच उघडायची. त्या वेळी अंबिका मिक्सर लावायची. कधी कधी त्यात काहीच नसायचं.

पतसंस्थेत भारतनं फोटो दाखवले. प्रियदर्शनी, बँकेत कामाला जाणारी, गल्लीतली सगळ्यात समंजस बाई. ती सुट्टीच्या दिवशी मुद्दाम येऊन सगळं मापून गेली. जाताना अंबिकाचा हात हातात घेऊन म्हणाली, "माझ्या आईसाठी मला हे सुचायला हवं होतं. तुमच्याकडून शिकले."

अंबिकाला वाटलं, हात काढून घ्यावा. काढून घेतला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

पुढची भिशी ज्ञानेश्वरीकडे ठरली होती, पण तिनंच फोन केला. "तुमच्याच मागं बसू की अंबिकाताई. सगळ्या म्हणतायत." भिशी पुन्हा अंबिकाकडे आली, आणि या खेपेला ती बोळात बसली. ओट्यावर ओळीनं बाया, शाळेच्या बाकावर बसाव्यात तशा. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर जाळीतून आलेल्या उन्हाचे हिरवट चौकोन. आत्या कडेला, न्हाणीघराच्या बाजूला अंग चोरून बसलेल्या. मिसरीची डबी दिसत नव्हती.

"आजी, मजा आहे तुमची," प्रियदर्शनी म्हणाली. "गावाकडं असं होतं का काही?"

"होतं की! परस होतं. ह्याच्या दसपट." आत्यांना बोलायला मिळालं तसा आवाज मोकळा झाला. "सारी जिंदगी परसातच गेली माझी. आमच्यात बाईनं म्होरल्या ओट्यावर यायचं न्हाई. तिथं बाप्ये बसायचे. बाईनं मागं. धुणं मागं, भांडी मागं, चार दिस बाहेर बसायचं ते बी मागंच, पोत्यावर. म्होरं कोण आलं-गेलं ते आवाजावरून वळखायचं. मी लई चांगली वळखायची, बरं का. खोकल्यावरून सांगायची, कोणत्या घरचा हाय."

बाया हसल्या.

"मग?"

"मग सासू गेली. माझे केस पांढरे झाले. एक दिस भारताचे वडील म्हणले, आता बस की म्होरं, तुला कोण काय म्हणणार हाय! तवा गेले. पयल्यांदा ओट्यावर टेकले ना, तर बाई, पायच खाली सोडवंना. लाज वाटली. मग म्हणलं, का लाजायचं? समदी जिंदगी देऊन ही जागा मिळालीय. सोडले पाय!" त्यांनी हसत ओट्यावर हात फिरवला. "आता म्हातारपणी पुन्ना परसात आले म्हणा. पर हे परस लई भारी हाय. माझ्या सुनेनं केलंय."

पुन्हा हशा झाला. चांगला, मायेचा हशा. अंबिका दारात उभी होती, हातात बशांचं ताट. तिच्याखेरीज त्या बोलण्यातलं काही कुणाला टोचलं नाही. टोचण्यासाठी ते बोललेलंही नव्हतं, आणि म्हणूनच ते आतपर्यंत गेलं.

ज्ञानेश्वरीनं फाटकाकडे मान वळवली. "सगळं छान झालंय, पण हा पत्रा कशाला हो? वारा अडतो की."

अंबिकानं तोंड उघडलं.

"कुत्री येतेत ना," आत्याच म्हणाल्या. "लई कुत्री हायत." आणि पदराचं टोक ओठांवर धरलं.

त्यांना खरंच तसं वाटत होतं, की त्या सुनेला सांभाळून घेत होत्या? अंबिकानं त्यांच्याकडे बघितलं. आत्या तोंडलीचं फूल बघत होत्या.

त्यानंतरच्या आठवड्यात अंबिका पुढच्या दारात भाजी घेत होती. गंगम्मानं मेथीच्या जुड्या दिल्या, पैसे कमरेला लावले आणि जरा रेंगाळली. मग आवाज उतरवून म्हणाली, "ताई, एक बोलू? अव्वा गेली, कुणी सांगितलं बी न्हाई मला. मी दहाव्याला आले असते."

"कोण गेली?"

"अव्वा. तुझी सासू."

अंबिकाला काही क्षण उमगेचना. मग ती म्हणाली, "अहो, आहेत त्या. मागं बसतात."

"हाय?" गंगम्मानं कपाळावर हात मारून घेतला, आणि हसायलाच लागली. "आगं बया! ते कुकरवाला बी म्हणलता, म्हातारी खपली वाटतं. जागा रिकामी, कुंड्या ठेवल्यात. आम्हाला काय वाटणार?" मग तिनं हसू आवरलं, कुंड्यांकडे बघितलं, पुन्हा अंबिकाकडे बघितलं. "बरी हाय ना पर? पडूनबिडून न्हाई ना?"

"बऱ्या आहेत."

"मग म्होरं का येईना?"

अंबिका "येतील" एवढंच म्हणाली आणि आत आली. मेथीच्या जुड्या तशाच ओल्या, तिच्या साडीला लागलेल्या.

आत्या जेवून पडल्या होत्या. अंबिका मागं गेली. डब्यांना पाणी घालायचं निमित्त होतं. फाटकाशी आली, आणि तिथं तिला ते दिसलं. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये एका बाजूला बोटभर फट राहिली होती. पंढरीचं मोजमाप चुकलेलं. त्या फटीच्या काठाला, पत्र्याच्या कडेवर आणि तिनं स्वतः पांढऱ्या केलेल्या भिंतीवर, तपकिरी डाग होते. बोटांचे. मिसरीनं भरलेल्या बोटांचे. एकावर एक, जुने पुसट, नवे गडद. बसल्या माणसाच्या उंचीवर नव्हते ते. उभ्या माणसाच्या होते. दुखऱ्या गुडघ्यांवर उभं राहून, एका हातानं भिंत धरून, कुणीतरी रोज त्या फटीला डोळा लावत होतं.

गंगम्माची हाक इथून ऐकू येत असणार. आणि गाड्याच्या चाकाचा आवाजही. आवाजावरून ओळखायची सवय होतीच.

एवढी तिची नजर. कुठल्या विटेवर किती वाजता ऊन येतं ते हेरणारी. ते डाग मात्र तिला आज दिसले. ती फरशीवर खालीच बसली. रडली असती तर बरं वाटलं असतं. रडू आलं नाही. खिडकीखाली ऐकू गेलेलं स्वतःचंच वाक्य आठवलं: खेड्यातल्या आहेत हो त्या.

दुपारी चहाच्या वेळी तिनं पुढच्या पायरीवरच्या कुंड्या उचलल्या. त्या जागी चटई घातली, उशी ठेवली. "आत्या, चला. चहा पुढं घेऊ."

आत्या दारापर्यंत आल्या. उंबऱ्यापाशी थांबल्या. रस्त्यावरून दोन बाया चालल्या होत्या. आत्यांनी पदर तोंडावर घेतला. असा तोंडभर पदर घेताना तिनं त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

"नको माय."

"का हो? गंगम्मा विचारत होती तुम्हाला."

"तुझ्या मैतरणी येतेत-जातेत. माझं तोंड सुटतंय. कायबी बोलून जाते मी." त्या मागं वळल्यासुद्धा. "मागंच बरं हाय. सवय झाली."

चटई पायरीवर तशीच राहिली. चहावर साय धरली. अंबिकाच्या मनात आलं, हे झालं. हेच तर हवं होतं तुला. हिनं चारचौघांत तोंड मिटावं, पाय आवळून बसावं, पदर घ्यावा. पाय लांब सोडायला या बाईला केस पांढरे व्हावे लागले होते, आणि ते पाय आपण एका पत्र्यात आवळले.

भारत आला तेव्हा ती फाटकाशी पक्कड घेऊन उभी होती. पत्रा जाडजूड तारेनं बांधलेला. ती एकेक पीळ उलगडत होती. बोटाला तार लागून रक्त आलं होतं.

"अगं, काय करून राहिलीस? कुत्री येतील ना?"

"कुत्री कधीच येत नव्हती," ती म्हणाली.

"मग?"

तिनं मान वर केली नाही. "आत्या रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून लावला होता. भिशीत हसल्या म्हणून. पुढं बसू नयेत म्हणून मागचं सगळं केलं."

त्याचा चेहरा बघायची तिची हिंमत झाली नाही. मग त्यानं चपला काढल्या, पत्र्याची दुसरी कड धरली. पत्रा सुटला तेव्हा मोठ्यानं वाजला. त्या रात्री जेवतानाही तो तिच्याशी बोलला नाही.

आवाजानं आत्या बाहेर आल्या. जाळीतून रस्ता दिसत होता, पलीकडची गुलमोहराची फांदी, त्याखाली उभी केलेली रिक्षा. अंबिकानं त्यांच्याकडे पाहिलं. भारतला सांगणं सोपं होतं.

"आत्या, कुत्री नव्हती हो," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

आत्यांनी पत्र्याकडे बघितलं. जमिनीवर पडलेल्या तारांकडे बघितलं. मग खाली वाकून, गुडघ्यावर हात देत, त्यांनी एक तार उचलली, बोटांत गुंडाळली.

"मग पत्रा वाया गेला म्हण की," त्या म्हणाल्या. "न्हाणीवर टाक. पावसाचं पाणी गळतंय तिथं." आणि तिच्या बोटाकडे बघून, "हळद लाव त्याला. गंजलेली तार हाय."

बस, एवढंच. क्षमा नाही, राग नाही. अंबिकाला दोन्हीपैकी काही तरी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी गंगम्मानं गाडा पुढच्या दारी न लावता बाजूच्या रस्त्याला वळवला. जाळीशी येऊन ओरडली, "अव्वा! जित्ती हायस गं! मी तुझ्या नावानं आंघोळ करणार होते!"

"कर की मग, बिनआंघोळीची फिरतीस जणू!" आत्यांचा आवाज आला. स्वयंपाकघरात अंबिकाचा हात थांबला. मिक्सर तिनं बंद केला.

आता रोज गाडा तिथंच थांबतो. कुकरवालाही तिकडून जातो. फाटक दिवसभर उघडं असतं. तरीपण सगळं पहिल्यासारखं झालं म्हणावं, तर तसं नाही. गल्लीतली कुणी नीटनेटकी बाई दिसली, की आत्यांचा हात अजून पदराकडं जातो, पाय जवळ येतात. अंबिका ते खिडकीतून बघते. आपण एका भिशीत शिकवलं, आणि ते आता या वयात पुसलं जाईल की नाही, तिला माहीत नाही.

एकदा ज्ञानेश्वरी त्याच रस्त्यानं पिशव्या घेऊन चालली होती. आत्यांचा पदर ओठांवर आला. अंबिका घाईनं बाहेर आली. "या की ताई. आत्यांपाशी बसा दोन मिनिटं."

ज्ञानेश्वरी आत आली, ओट्यावर टेकली. उगीच पदर पोटावर घेतला. अंबिका आत जाऊन पेटीवरची मिसरीची डबी घेऊन आली. ज्ञानेश्वरीच्या डोळ्यांदेखत तिनं ती आत्यांच्या हातात दिली. मग ओट्याखाली फरशीवर, त्यांच्या पायांशी बसली.

आत्यांनी डबीकडे बघितलं. मग सुनेकडे. मग ज्ञानेश्वरीच्या चपलांकडे.

"नंतर," त्या हलकेच म्हणाल्या, आणि डबी न उघडता ओच्यात ठेवली.